दालचिनीचे तेल: दंतकथेपासून रेणूपर्यंत

करंजाड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कोणत्याही घरच्या मसाल्याच्या डब्यात सापडणारी दालचिनी म्हणजे झाडाची साल. ती मोठ्या पक्ष्यांच्या घरट्यांतून मिळते, असे हिरोडोटसने इ. स. पूर्व पाचव्या शतकात लिहिले. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात अशा दंतकथा खोडून काढल्या.

सालीतील तेल वाफेच्या ऊर्ध्वपातनाने मिळते. ते मिठाईत व औषधांत वापरतात. १८३४ मध्ये द्यूमा व पेलिगो यांनी त्यातून सिनॅमाल्डिहाइड वेगळे केले. दालचिनीचा वास मुख्यतः त्याचाच. पानांच्या तेलात मात्र युजेनॉल अधिक, म्हणून त्याला लवंगेचा वास येतो.

वर्गात साल आणि पान दोन्ही हुंगायला द्या. एकाच झाडाचे दोन वास का, हा प्रश्न मुलेच विचारतील. ऐकीव गोष्टींवर न थांबता पडताळून पाहणे, हाच ओर्ताचा धडा.