मावळची लेणी आणि सागरावरील नियामक

कार्ले येथील महाचैत्यात प्रवेश केल्यावर अभ्यासकाचे लक्ष प्रथम स्तंभशीर्षांकडे आणि नंतर स्तंभांवरील ब्राह्मी लेखांकडे जाते. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकटाचा गंधिक सिंहदत्त, चैत्याचे द्वारमुख घडविणारा वर्धकी सामी, धेनुकाकटाचे यवन अशा दात्यांची नावे तेथे कोरलेली आहेत. एका स्तंभाचा दाता तर सोपाऱ्याचा आहे. धम्मुत्तरीय निकायाचा भाणक सातिमित याने तो धातूसह, म्हणजे पवित्र अवशेषांसह, अर्पण केला. सागरतीरावरचे सोपारा आणि घाटमाथ्यावरचे मावळ यांचा संबंध या एका लेखाने निर्विवाद सिद्ध होतो.

तथापि एक प्रश्न उरतो. कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल बोरघाट चढून मावळात येत असे. तो माल आणणारी जहाजे ज्यांच्या हाती होती, ते सुकाणूधारी कोठे आहेत? कार्ल्याच्या लेखांत 'नियामक' अथवा 'नाविक' हा शब्द आढळत नाही. त्यांचा शोध घेण्यासाठी आपणांस पालि वाङ्मयाकडे वळावे लागते.

पालि वाङ्मयात जहाज चालविणाऱ्या प्रमुखास 'नियामक' म्हणतात. सुप्पारक जातकातील बोधिसत्त्व भरुकच्छच्या ज्येष्ठ नियामकाचा पुत्र होता. खाऱ्या पाण्याच्या माऱ्याने त्याची दृष्टी गेली, तरीही सातशे व्यापाऱ्यांनी त्यालाच जहाजावर नेले. वादळात जहाज चार महिने भरकटले. व्यापारी समोर दिसणाऱ्या समुद्राचे वर्णन करीत आणि अंध नियामक त्या वर्णनावरून समुद्र ओळखी. कथेतील समुद्र अद्भुत असले तरी तिच्यामागील व्यवहार खरा आहे. नियामकाचे सामर्थ्य बाहुबलात नसून जलमार्गाच्या ज्ञानात मानले जाई. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात सागरी व्यापारी किनारा शोधण्यासाठी पक्षी सोडतात, तोही याच ज्ञानाचा भाग होय.

भरुकच्छच्या मुखाशी हे ज्ञान किती मोलाचे होते, हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथावरून कळते. नर्मदेच्या मुखातील उथळ भाग आणि भरती-ओहोटीचा वेग यांमुळे परकी जहाजांना आत शिरणे कठीण जाई. म्हणून राजाच्या सेवेतील स्थानिक कोळी मोठ्या नावा घेऊन पुढे जात आणि जहाजांना वाट दाखवून बंदरात आणीत.

आता साधनाचा विचार करू. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील चित्रात तीन डोलकाठ्यांचे एक जहाज आहे. हे चित्र सोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण याच्या कथेशी जोडले जाते. जहाजाच्या पिछाडीला बाजूवर सुकाणूची वल्ही लटकलेली दिसतात. आजच्यासारखे मध्यभागी जडविलेले सुकाणू तेथे नाही. अशा वल्ह्याचे पाते आसाभोवती वळविले की वाहत्या पाण्याचा दाब त्यावर पडतो, जहाजाची पिछाडी एका बाजूस ढकलली जाते आणि नाळ दुसऱ्या बाजूस वळते. यासाठी जहाजास गती असावी लागते. गती नसेल तर सुकाणू निरुपयोगी ठरते. म्हणून शीड, वारा आणि सुकाणू या तिन्हींचे भान नियामकास एकाच वेळी ठेवावे लागे.

या संदर्भात मिलिंदपञ्हातील उपमा अत्यंत महत्त्वाची आहे. भदन्त नागसेन योगी भिक्खूने अंगीकारावयाचे नियामकाचे तीन गुण सांगतात. तो अहोरात्र अप्रमत्त राहून जहाज हाकतो. समुद्रातील इष्ट व अनिष्ट सर्व जाणतो. आणि कोणी स्पर्श करू नये म्हणून यंत्रावर मुद्रा उमटवितो. हे यंत्र म्हणजे सुकाणूची रचना, असाच अर्थ आम्हांस संदर्भाला धरून वाटतो. जहाजावर कर्मकर अनेक असत, परंतु सुकाणूचे दायित्व एकाचेच असे. ते वाटून घेता येत नसे. त्याचप्रमाणे अकुशल वितर्काचा शिरकाव होऊ नये म्हणून भिक्खूने चित्तावर संयमाची मुद्रा लावावी, असे नागसेन म्हणतात. ही उपमा ज्याने योजिली, त्याला जहाजावरील व्यवहार जवळून ठाऊक असला पाहिजे.

मग कार्ल्याच्या लेखांतील मौनाचा अर्थ काय लावावा? नाविकांची धम्माशी फारकत होती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. आंध्रातील घंटशाल येथील लेखात महानाविक शिवक याचा उल्लेख त्याच्या पत्नीच्या दानाच्या संदर्भात येतो. पाचव्या शतकातील महानाविक बुद्धगुप्त याचा लेख तर मलय द्वीपकल्पात सापडला. शिवाय कार्ल्याच्या अनेक दात्यांनी केवळ नाव आणि गाव सांगितले आहे, व्यवसाय नाही. त्यांच्यात एखादा नियामक असणे अशक्य नाही. आणि नसला तरी श्रेष्ठींच्या दानात त्याचे श्रम मिसळलेले आहेतच. लेण्यांचा इतिहास राजे आणि श्रेष्ठी यांच्याच नावांनी लिहिण्याची आपली सवय म्हणूनच अपुरी आहे.

याच परिसरात, लोणावळ्यास, १९४५ साली स्थापन झालेली 'शिवाजी' ही नौदलाची संस्था आहे. जहाजांच्या यंत्रांचे शिक्षण तेथे समुद्रापासून दूर, डोंगरात दिले जाते. आजच्या जहाजावर चक्र वर फिरते आणि सुकाणू वळविणारी यंत्रणा पिछाडीस, दृष्टीआड, काम करते. साधन पालटले, पण अप्रमाद, ज्ञान आणि दायित्व हे नागसेनांनी सांगितलेले तीन गुण पालटलेले नाहीत. कार्ल्याच्या स्तंभांवरील नावे वाचताना, जो तेथे कोरला गेला नाही त्या नियामकाचेही स्मरण आपण ठेवले पाहिजे.