1896च्या मुंबईतला एक रविवार

उघड्या डोक्याने उतरू नका. पागोटे, पगडी, साधी टोपी, काहीही चालेल. बोडक्या डोक्याचा माणूस दिसला की लोक आधी सुतक समजतील आणि मग वेडा. खिशात राणीच्या छापाचे दोनचार रुपये आणि मूठभर पैसे असू द्या. मनगटावरचे घड्याळ काढून आत ठेवा, पण त्याआधी ते 39 मिनिटे मागे घ्या, कारण भारतीय प्रमाणवेळ अजून जन्माला यायची आहे.

आज 16 ऑगस्ट, श्रावणातला रविवार. तुम्ही बोरीबंदरच्या फलाटावर उभे आहात आणि पहिला घोटाळा इथेच होतो. आगगाडी मद्रासच्या वेळेने धावते आणि शहर मुंबईच्या वेळेने. दोन्हींत अर्ध्या तासाचे अंतर. म्हणजे फलाटावर साडेनऊ झाले असले तरी बाहेर शिग्रामवाल्याच्या लेखी नऊच वाजलेत. 1881 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांनी साऱ्या मुंबईला मद्रासची वेळ लावून पाहिली होती. मुंबईने ती दोन वर्षांत परत केली. तेव्हा आज फिरताना इमारतींच्या कमानी मोजण्याऐवजी कुठल्या वस्तीत कोणाचे घड्याळ चालते ते बघा. वस्ती लवकर कळते.

फोर्टात फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे. रविवारी कचेऱ्या बंद, रस्ते सुने. तटबंदी पाडून तीस वर्षे झाली, तरी लोक या भागाला कोटच म्हणतात. राजाबाई टॉवर मात्र पाहा. 280 फूट उंच, उभा राहून अठरा वर्षे झालेली. अजून मुंबईत त्याच्याइतके उंच काही नाही. पैसे प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचे. आईंना डोळ्यांनी दिसत नसे आणि जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचे असे, म्हणून घंटा ऐकून त्यांना वेळ कळावी ही मुलाची इच्छा, असे सांगतात. खरे असो नसो, मुंबईत इतक्या महागड्या घड्याळाला याहून बरे कारण मी ऐकलेले नाही. जवळच वॉटसन हॉटेल आहे. गेल्याच महिन्यात, 7 जुलैला, तिथे ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली. तिकीट एक रुपया. गिरणीतल्या माणसाला त्यासाठी दोनेक दिवस राबावे लागेल.

आता घोड्यांची ट्राम पकडा आणि पायधुणीकडे निघा. उन्हाळ्यात या घोड्यांच्या डोक्यावर उन्हाची टोपी असते. आज पाऊस आहे, म्हणून तेच काय ते बोडक्याने हिंडतात. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावर दगडात कोरलेले शेतकरी दिसतील. ते लॉकवूड किपलिंग यांचे काम. आत जाऊ नका, नाहीतर फळांच्या वासातच दुपार होईल.

पायधुणीला उतरून पूर्वेला मांडवीत शिरा. इथे घड्याळ गोदीचे आणि भरती-ओहोटीचे. गल्ल्या अरुंद, वर तीन-चार मजले, खाली धान्याची वखार. आज सुट्टी असली तरी गोण्यांच्या थप्प्या हलत आहेत. कच्छी दलाल ओट्यावर बसून गहू तळहातावर घेतो, फुंकर मारतो, भाव न बोलता रुमालाखाली बोटे दाबून सांगतो. हमालाच्या पाठीवर गोणी चढते आणि तो तुमच्याकडे न बघता ओरडतो, ‘बाजू!’ सरका. इथे थांबणाऱ्याला जागा नाही.

पाय ठेवाल तिथे ओल. तुम्हाला वाटेल पावसाची; निम्मीच पावसाची आहे. चार वर्षांपूर्वी तानसाचे पाणी शहरात आले, नळ मुबलक वाहू लागले, पण वापरलेले पाणी जायला धड गटारे झाली नाहीत. ते घरांच्या जोत्यात मुरते. वखारीच्या उंबऱ्यापाशी एक उंदीर मरून पडलेला दिसेल. पोऱ्या काठीने तो गटारात ढकलतो. दलाल मान वर करत नाही. पुढच्या महिन्यात याच वस्तीत गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस एका रोग्याच्या जांघेतली गाठ तपासून प्लेगचे नाव घेतील, आणि मग लाखो माणसे मिळेल त्या गाडीने, होडीने, पायी हे शहर सोडतील. 1891च्या शिरगणतीत 8,21,764 भरलेली मुंबई दहा वर्षांनी 7,76,006 भरेल. हे तुम्ही ओट्यावर कोणाला सांगणार? उंदीर तर दर पावसाळ्यात मरतात.

गिरगावात घड्याळ सूर्याचे आणि पंचांगाचे. केशवजी नाईकांच्या चाळीत तीन वर्षांपूर्वी सार्वजनिक गणपती बसला. यंदाच्या वर्गणीची कुरबूर गॅलरीतून गॅलरीत चालू आहे. एका खोलीत आदित्यराणूबाईची कहाणी वाचली जाते आहे, शेजारच्या खोलीत कोणीतरी कारकून सुट्टीची झोप काढतो आहे. खानावळीत जेवून घ्या. आज कांदा मिळणार नाही.

पोट भरले की उत्तरेला परळ. खरे तर साऱ्या प्रवासाचा निम्मा वेळ इथे राखायला हवा होता. गिरण्यांची धुराडी रांगेने उभी आहेत आणि एखाददुसरे सोडले तर धूर नाही. ही शांतता फुकट आलेली नाही. 1884 मध्ये सुपारीबागेत नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांची सभा घेतली. मागण्या पाहा किती साध्या: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत. पाच हजारांहून जास्त कामगारांनी या मागण्यांच्या अर्जाला पाठिंबा दिला. सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार माणसे जमली, दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या, आणि 10 जूनला मालकांनी रविवार दिला. फोर्टातल्या साहेबाच्या घड्याळात रविवार आधीपासूनच होता. इथे तो सहा वर्षांचा आहे.

म्हणून आज चाळीपुढे दंड काढलेले गडी आहेत, भजनाची झांज आहे, नळावर आठवड्याचे धुणे आहे. लोखंडे अजून हयात आहेत. येत्या 9 फेब्रुवारीला प्लेग त्यांनाही नेईल.

पायरीवर बसलेला एकजण तुमच्याकडे निरखून बघतो. जोडे आणि चष्मा पाहून त्याने अंदाज बांधला आहे.

‘मास्तर, कार्ड लिवाल का?’

पैशाचे पोस्टकार्ड तो टोपीतून काढतो. गाव संगमेश्वराकडचे.

‘मोडी येतं न्हवं?’

तुम्हाला येत नाही. बाळबोध चालेल, तो म्हणतो, गावच्या शाळेतले गुरुजी वाचून दाखवतील. शिसपेन तो शेजाऱ्याकडून आणतो आणि उकिडवा बसून सांगू लागतो: मी खुशाल आहे. बोटी अजून चालू नाहीत. गणपतीला रजा नाही, मुकादम सोडत नाही. शिमग्याला येतो. पैसे धाकट्याबरोबर पाठवले ते पोचले का.

शिमग्याला. तुम्ही थांबता. एक ओळ आपल्या पदरची घालावी, ‘दिवाळीआधीच निघून येतो’, एवढीच. हात तिथवर जातोही.

‘आता वाचून दावा,’ तो म्हणतो.

तुम्ही त्याने सांगितले तेवढे वाचता. तो बोटांवर वाक्ये मोजतो, मान हलवतो, आणि कार्डाच्या खालच्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवतो.

‘एवढी जागा कशाला सोडलीत? पैसा मोजलाय. म्हस गाभण ऱ्हायली का, ते इचारा.’