विंचूर जहागीर

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर येथे मुख्य ठाणे असलेली पेशवेकालीन जहागीर. गाव गोदावरीच्या खोऱ्यात, नदीच्या उत्तरेस, नाशिकहून येवल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. लासलगाव अगदी जवळ. बोलताना लोक विंचूरला 'संस्थान' म्हणतात. पण हे स्वतंत्र राज्य कधीच नव्हते. हा सरंजाम होता. ठरलेले घोडदळ सरकारी चाकरीसाठी सज्ज ठेवायचे आणि त्या खर्चासाठी नेमून दिलेल्या गावांचा महसूल घ्यायचा, अशी ही व्यवस्था. सरंजाम नियमाने वंशपरंपरागत नसे. व्यवहारात मात्र मुलाकडे, नातवाकडे चालत जाई. विंचुरातही तेच झाले.

दक्षिणगंगा गोदावरीचा हा वरचा टापू सत्तांना नवा नव्हता. नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात आहे, त्या क्षत्रपांचे राज्य मोडणारा सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णी आहे आणि पुढचा आभीर राजा ईश्वरसेनही आहे. यादवांनी देवगिरीला जाण्याआधी चांदवड आणि सिन्नर या बाजूंनीच राज्य उभे केले. मोगलांच्या काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते. 1752 च्या भालकीच्या तहात निजामाने तापी आणि गोदावरी यांच्यामधला मुलूख मराठ्यांना सोडला. असा मुलूख राखायला घोडदळाचे सरदार लागत. चांदवडला होळकर होते, विंचूरला विंचूरकर.

घराण्याचे संस्थापक विठ्ठल शिवदेव हे मूळचे सासवडचे दाणी. विंचूरकर हे आडनाव जहागिरीमुळे आले. शाहू महाराजांच्या काळात पुढे आलेला हा शिलेदार पेशव्यांच्या उत्तरेच्या मोहिमांत नावाजला. 1750 नंतरच्या दशकात गोहदच्या जाट राण्याकडून ग्वाल्हेरचा किल्ला त्यांनी घेतला. अखेरपर्यंत लोकांच्या तोंडी राहिले ते मात्र पानिपत. 14 जानेवारी 1761 रोजी ते डाव्या बगलेला इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींलगत होते. फौजेने गोल रचनेत एकत्र चालायचे ही ठरलेली शिस्त मोडून विंचूरकर आणि दमाजी गायकवाड शत्रूकडच्या रोहिल्यांवर धावले आणि गारद्यांच्या तोफा-बंदुकांची योजना विस्कटली, असा ठपका त्यांच्यावर ठेवला जातो. घोडेस्वार बंदुकांपुढे टिकले नाहीत, हे खरे. पण दोन महिन्यांहून अधिक काळ कोंडलेल्या, दाणावैरण संपलेल्या फौजेच्या पराभवाचे खापर एका चढाईवर फोडणे न्यायाचे नाही. विठ्ठल शिवदेव रणातून वाचले आणि 1767 मध्ये वारले.

थोरल्या माधवराव पेशव्यांनी येवला विंचूरकरांना दिला. जहागिरीतले हे सर्वांत समृद्ध गाव. रेशीम, जर आणि पैठणी यांवर ते उभे होते. येवल्याची ओळख घडवली ती विणकरांनी. 1814 मध्ये तिथेच तात्या टोपे जन्मले. जहागिरीच्या बाकीच्या गावांत कुणबी, माळी, वंजारी, कोळी, भिल्ल, महार आणि बलुतेदार यांची वस्ती होती. वसूल पाटील-कुलकर्ण्यांच्या हातून वर जाई. सरदाराच्या स्वाऱ्यांची वर्णने बखरींत भरपूर सापडतात. त्या स्वाऱ्यांचा दाणा पिकवणाऱ्यांविषयी बखरी जवळजवळ गप्प आहेत, आणि या जहागिरीच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

1818 मध्ये इंग्रजांनी पेशवाई बुडवली आणि बरेच सरदार दुसऱ्या बाजीराव पेशव्याला सोडून गेले, तेव्हा शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिलेल्या थोड्यांत विंचूरकर होते. तरीही इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनच्या धोरणामुळे जहागीर टिकली आणि विंचूरकर दख्खनच्या पहिल्या वर्गाच्या सरदारांत गणले गेले. त्यांचा येवल्यावरचा अधिकार पुढे गेला, जमिनीचा महसूल तेवढा राहिला. रेल्वे लासलगाववरून गेली आणि व्यापाराचा ओढा तिकडे वळला. पुण्यातला विंचूरकर वाडा मात्र वेगळ्याच कारणांनी प्रसिद्ध झाला. लोकमान्य टिळक तिथे राहत असताना 1892 मध्ये स्वामी विवेकानंद त्यांच्याकडे उतरले होते, आणि 1894 मध्ये त्याच वाड्यात टिळकांनी सार्वजनिक गणपती बसवला.

एकेकाळी विंचूरकरांचा असलेल्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. बखरींनी ज्यांची नावे लिहिली नाहीत, त्यांच्या बाजूने या मुलखात उच्चारलेले सर्वांत मोठे वाक्य हेच.

मुंबई राज्याच्या 1952 च्या नियमांनी सरंजाम आणि जहागिरी सरकारजमा झाल्या. त्यानंतर या भागाचे दिवस पालटले ते पाण्यावर. कादवा नदीवरच्या पालखेड धरणाचा डावा कालवा निफाड आणि येवल्याच्या शेतांना पाणी देतो. कादवा-गोदावरी संगमाजवळचे नांदूर मध्यमेश्वर हे 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. 1947 मध्ये स्थापन झालेल्या लासलगाव बाजार समितीचा उपबाजार विंचुरात आहे आणि तिथे कांद्याचे लिलाव होतात. द्राक्षांमुळे गावाजवळ वाइन पार्कही झाला.

सरकारी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात आहेत. पण गावकीचे, वतनाचे, देण्याघेण्याचे मोडी कागद अजून निफाड-येवल्याच्या घराघरांत असू शकतात. ज्यांच्या माळ्यावर अशी बाडे असतील, त्यांनी ती रद्दीत घालू नयेत. मोडी जाणणाऱ्याला दाखवावीत.