स्नायुश्रम व थकवा : ऐतिहासिक आढावा

श्रमामुळे स्नायूची बल निर्माण करण्याची क्षमता तात्पुरती कमी होते व विश्रांतीनंतर ती पूर्ववत होते. या अवस्थेस स्नायूचा थकवा म्हणतात. भारव्यायामात, म्हणजे वजने उचलण्याच्या व्यायामात, तो एकदोन मिनिटांतच प्रत्ययास येतो. इंधन संपल्यामुळे, त्याज्य द्रव्य साचल्यामुळे की मेंदूकडून येणारी प्रेरणा मंदावल्यामुळे थकवा येतो, या प्रश्नाचा इतिहास उद्‌बोधक आहे. कारण त्यातील लॅक्टिक अम्लाविषयीचे अर्धसत्य प्रयोगांनी डळमळीत केल्यावरही व्यायामशाळांतून दीर्घकाळ टिकून राहिले.

इंधनाचा शोध : स्नायू काम करताना स्वतःचीच प्रथिने खर्ची घालतात, असे जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिक (१८०३–७३) यांचे मत होते. त्याची परीक्षा घेण्यासाठी आडोल्फ फिक व योहानेस व्हिस्लिट्सेनुस यांनी आदल्या दिवसापासून प्रथिनयुक्त अन्न वर्ज्य केले आणि ३० ऑगस्ट १८६५ रोजी स्वित्झर्लंडमधील फाउलहॉर्न शिखर चढले. चढण १,९५६ मी. होती. मूत्रातील नायट्रोजनावरून काढलेली प्रथिनांची ऊर्जा या कामाला पुरेशी नव्हती, हे एडवर्ड फ्रँकलंड यांच्या १८६६ मधील उष्णतामापनाने सिद्ध झाले. कार्बोहायड्रेटे व वसा हीच स्नायूंची मुख्य इंधने होत, हे मत यापुढे रूढ झाले.

थकव्याचे मापन : इटालियन शरीरक्रियावैज्ञानिक अँजेलो मोस्सो (१८४६–१९१०) यांनी तूरिन येथे श्रमलेखक हे उपकरण तयार केले. त्यात मधल्या बोटाने ठराविक तालावर वजन उचलावयाचे असे व प्रत्येक वेळची उंची नोंदली जाई. वक्राचे स्वरूप व्यक्तिपरत्वे भिन्न असते आणि बौद्धिक श्रमानंतरही तो लवकर उतरतो, असे त्यांना आढळले. थकव्यावरील त्यांचा ग्रंथ १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्नायू व मेंदू या दोहोंचा थकव्यात वाटा असतो, हा त्यांचा विचार पुढे काही काळ मागे पडला.

लॅक्टिक अम्ल : केंब्रिज येथील वॉल्टर फ्लेचर व फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग केले. थकलेल्या स्नायूत लॅक्टिक अम्ल साचते व ऑक्सिजन मिळताच ते नाहीसे होते, असे दिसून आले. आर्चिबल्ड हिल (१८८६–१९७७) व ओटो माइअरहोफ (१८८४–१९५१) यांना स्नायूंवरील संशोधनाबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यामुळे आकुंचनाचे कारण व थकव्याचे मूळ या दोन्ही गोष्टी लॅक्टिक अम्लावर लादल्या गेल्या.

या कल्पनेस लवकरच तडा गेला. १९२७ मध्ये लंडन येथे एगल्टन दांपत्याने, तसेच हार्व्हर्ड येथे सायरस फिस्के व भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांनी स्नायूतील क्रिएटीन फॉस्फेट ओळखले. १९२९ मध्ये कार्ल लोमान यांनी आणि फिस्के व सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) शोधले. डॅनिश शास्त्रज्ञ आयनार लुंड्सगार यांनी १९३० मध्ये आयोडोॲसिटिक अम्लाने स्नायूतील लॅक्टिक अम्लाची निर्मिती बंद पाडली. तरीही स्नायू आकुंचन पावला आणि क्रिएटीन फॉस्फेट संपताच निकामी झाला. अम्लाचा मागमूस नसतानाही स्नायू निकामी होतो, हा निष्कर्ष निर्णायक होता.

भारव्यायाम : रसायनाचे हे कोडे सुटण्यापूर्वीच अमेरिकन वैद्य टॉमस डीलॉर्म यांनी शिकागो येथील लष्करी रुग्णालयात जखमी सैनिकांच्या दुर्बल स्नायूंना भारी वजने देऊन बळ आणले. ही पद्धती १९४५ मध्ये प्रसिद्ध झाली. जे वजन जेमतेम १० वेळा उचलता येते ते त्यांनी प्रमाण मानले. आरंभी ते ७० ते १०० आवर्तने करून घेत. १९४८ मध्ये २० ते ३० पुरेशी ठरली.

पुढे सुईने स्नायूचा सूक्ष्म तुकडा काढून तपासता येऊ लागला. पेर टेश व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये शरीरसौष्ठवपटूंकडून सुमारे अर्धा तास पायांचा जड व्यायाम करवून घेतला. मांडीच्या स्नायूतील ग्लायकोजेन सुमारे एक चतुर्थांश घटले. म्हणजे साठा बराच शिल्लक असतानाही स्नायू वजन पेलू शकत नव्हता.

सांप्रतचे मत : एटीपी सहसा पूर्ण संपत नाही. क्रिएटीन फॉस्फेटाच्या विघटनाने साचणारे अकार्बनी फॉस्फेट, कॅल्शियमाच्या मुक्ततेतील घट, पोटॅशियमाचे स्थलांतर व तंत्रिकांची मंदावलेली प्रेरणा ही थकव्याची कारणे एकत्रितपणे कार्य करतात. अम्लतेचा परिणाम शरीराच्या नेहमीच्या तापमानास पूर्वी मानला जाई त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. लॅक्टेट तर हृदय व इतर स्नायूंचे इंधन ठरते. दुसऱ्या दिवशी अंग दुखणे हेही लॅक्टिक अम्लाचे कार्य नव्हे. ते तंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे होते, असे थिओडोर हफ यांनी १९०२ मध्येच सुचविले होते. क्रिएटीन फॉस्फेटाचा बहुतांश साठा काही मिनिटांत भरून येतो. म्हणूनच जड वजनांच्या दोन फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती आवश्यक असते.