‘कार्बासुस’ : एका वस्त्रनामाचा प्रवास

लॅटिन भाषेंत ‘कार्बासुस’ असा एक शब्द आहे. तलम वस्त्र हा त्याचा अर्थ. परंतु कवींच्या हातीं पडल्यावर तो बहुधा जहाजाच्या शिडालाच लागलेला दिसतो. व्हर्जिलच्या महाकाव्यांत दक्षिणवाऱ्यानें फुगतें तें शीड हेंच.

हा शब्द रोमन लोकांचा स्वतःचा नव्हे. ग्रीक ‘कार्पासोस’, हिब्रू ‘कर्पस’, फारसी ‘कर्बास’ हीं त्याचीं भावंडें; आणि घराण्याचा शोध घेत गेल्यास तो संस्कृत ‘कार्पास’ शब्दाशीं येऊन थांबतो. ब्राह्मणाचें यज्ञोपवीत कशाचें असावें हें सांगतांना मनुस्मृतीनें हाच शब्द योजिला आहे. मराठी ‘कापूस’ त्याच घरचा. (खुद्द ‘कार्पास’ हा शब्दही आर्यांनीं येथील अन्यभाषी लोकांकडून घेतला असावा, असें कित्येक भाषाशास्त्रज्ञांचें मत आहे.)

शब्द आपला, म्हणून रोमन शिडेंही आपल्याच कापसाचीं, असें मानण्याचा मोह येथें होतो. तो आवरला पाहिजे. इ. स. ७९ मध्यें मरण पावलेला प्लिनी हा ‘कार्बासुस’ची गणना लिननमध्यें, म्हणजे जवसाच्या काडीपासून काढलेल्या धाग्याच्या कापडांत करतो, आणि तें प्रथम स्पेनमधील टाराको येथें निघालें असें सांगतो! नाटकगृहावर अशा कापडाचें छत प्रथम लेंटुलस स्पिंथर यानें अपोलोच्या उत्सवांत ताणिलें, हेंही त्याच ओघांत येतें. तात्पर्य, नांव हिंदुस्थानचें असलें तरी माल परका असूं शके. उलट कुर्टियस हा इतिहासकार हिंदी लोक पायघोळ ‘कार्बासुस’ नेसतात असें लिहितो, तेव्हां तेथें कापूसच समजला पाहिजे.

मग दक्षिणेंतील खरें कापड कोणत्या नांवानें गेलें? इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील, ‘पेरिप्लस’ लिहिणारा निनांवी ग्रीक व्यापारी गुजरातेकडील प्रदेशाच्या वर्णनांत ‘कार्पासोस’चा उल्लेख करतो. पुढें तो भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे हल्लींचें धाराशिव जिल्ह्यांतील तेर, अशीं दोन नगरें सांगतो. तगराहून जाडेंभरडें कापड आणि तलम वस्त्रांचे नाना प्रकार गाड्यांत भरून, बिकट मुलखांतून भडोचच्या बंदरास जात. पण तगरच्या या मालास तो ‘कार्पासोस’ म्हणत नाहीं. ‘ओथोनिऑन’ आणि ‘सिंडोन’ हीं दुसरींच नांवें त्यानें तेथें लिहिलीं आहेत.