जळका थर आणि क्षार : एक कुळकथा

ओव्हनच्या आतल्या भिंतींवर आणि ट्रेच्या कडांवर साचणारा तपकिरी-काळा थर हा साधा मळ नव्हे. उडालेले तेल-तूप दर वेळी तापत गेले की त्याचे रेणू हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून एकमेकांत गुंततात, या गुंतण्याला बहुवारिकीकरण म्हणतात, आणि त्यातून रोगणासारखे कठीण कवच तयार होते, ज्यात सांडलेली साखर आणि पीठ जळून कोळशाच्या रूपाने अडकून बसतात. असे कवच पाण्यात विरघळत नाही आणि साध्या साबणालाही दाद देत नाही. नुसत्या खरवडण्यापलीकडे ते काढण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत : क्षाराने त्याचे रासायनिक बंध तोडणे किंवा प्रखर आगीने त्याची राख करणे. हे दोन्ही मार्ग ओव्हनपेक्षा कितीतरी जुने आहेत, आणि त्यांची वाटचाल समजून घेण्यासाठी अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल.

प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद, संगमनेर तालुक्यातील जोर्वे आणि त्याच नदीवरील नेवासे या तिन्ही स्थळांच्या उत्खननांनी दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वस्त्या उजेडात आणल्या. ताम्रपाषाणयुग म्हणजे दगडी हत्यारांबरोबर तांबेही वापरात आलेला काळ, आणि जोर्वे संस्कृतीला नावच या जिल्ह्यातील गावावरून मिळाले. १९७४ मध्ये दायमाबादला सापडलेल्या धातुशिल्पांमुळे ते स्थळ जगभर गाजले, पण स्वयंपाकाच्या इतिहासासाठी तेथील घरांतल्या चुली आणि मातीची भांडी यांचे मोल त्याहून कमी नाही. चूल आणि राख जमिनीत टिकते, घासण्याची कृती मात्र टिकत नाही, म्हणून पुढचा धागा ग्रंथांत शोधावा लागतो.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचे, म्हणजे वस्तू स्वच्छ व शुद्ध करण्याचे, नियम आले आहेत. तांबे, लोखंड, कांसे, पितळ, कथील आणि शिसे यांची भांडी ज्याला जे योग्य त्याप्रमाणे क्षार, अम्ल आणि पाणी वापरून स्वच्छ करावीत, तर मातीचे भांडे पुन्हा भाजून शुद्ध करावे, असे तेथे सांगितले आहे. या नियमांमागील शुद्धाशुद्धतेची आणि जातिभेदाची चौकट आज त्याज्यच आहे. तरीही त्यातील व्यावहारिक निरीक्षण अचूक आहे, कारण मातीच्या भांड्याच्या छिद्रांत मुरलेली चरबी घासून निघत नाही, ती जाळावीच लागते.

क्षार तयार करण्याची रीत सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात सविस्तर आली आहे. उद्देश शस्त्रक्रियेचा, कृती मात्र शुद्ध रसायनाची. विशिष्ट वनस्पती जाळून त्यांच्या एक द्रोण (द्रोण हे जुने माप) राखेत सहा द्रोण पाणी घालावे, ते एकवीस वेळा गाळावे, आटवावे, आणि अधिक तीव्र क्षार हवा असल्यास चुनखडी व शंख तापवून लाल करून त्यात मिसळावेत, असा तो विधी आहे. राखेच्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट उतरते. भाजलेल्या चुन्याशी त्याचा संयोग झाला की कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते आणि वर दाहक पोटॅश उरते, जे त्वचा जाळते आणि चरबीचा साबण करते. मृदू, मध्यम आणि तीक्ष्ण अशा तीन प्रती ओळखणाऱ्या आणि क्षाराने झालेला दाह आंबट द्रवाने शमवायला सांगणाऱ्या या ग्रंथकाराला क्षार व अम्ल यांचा परस्परविरोध अनुभवाने पुरता ठाऊक होता. आज ओव्हनसाठी मिळणाऱ्या तीव्र फवाऱ्यांत बहुधा दाहक सोडा असतो, आणि तो या दाहक पोटॅशचा सख्खा भाऊ आहे.

नगरी खेड्यांतल्या बायकांना यातले पारिभाषिक शब्द लागले नाहीत. बाभळीची लाकडे, तुराट्या आणि गोवऱ्या यांची राख चाळून, नारळाच्या शेंडीने किंवा काथ्याने ती ओल्या भांड्यावर घासली की तिच्यातील क्षार तुपकटपणा तोडतो आणि बारीक कण जळके खरवडून काढतात. गोवरीच्या राखेत वाळूचा अंश, म्हणजे सिलिका, जास्त असल्याने ती अधिक खरखरीत असते. पितळेवरचे डाग काढायला चिंच, म्हणजे अम्ल, हाताशी असे. भांडे चुलीवर चढवण्यापूर्वी त्याच्या बुडाला बाहेरून राखेचा किंवा मातीचा ओला लेप देण्याची रीत तर विशेष विचारपूर्वक घडलेली आहे, कारण त्यामुळे काजळी धातूला न चिकटता लेपाबरोबर धुऊन जाते. या ज्ञानाला रसायनशास्त्राच्या इतिहासात नीट जागा मिळाली नाही, हे त्या इतिहासाचे न्यून आहे.

राखेचे काम कारखान्याने हाती घेतले ते युरोपात. फ्रान्समध्ये निकोला लब्लाँ याने १७९१ मध्ये मिठापासून सोडा बनवण्याचे एकाधिकारपत्र मिळवले, १८६० च्या दशकात बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हेने त्याहून स्वस्त पद्धत रूढ केली, आणि भारतात १९३९ मध्ये मिठापूर येथे टाटा केमिकल्सची स्थापना झाली. अहिल्यानगर जिल्ह्यात सोड्याच्या दाहक रूपाचा मोठा उपयोग साखर कारखान्यांत दिसतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथे उभा राहिलेला प्रवरा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. अशा कारखान्यांत उसाचा रस आटवणाऱ्या बंद पात्रांच्या नळ्यांवर चुनकट व सिलिकायुक्त थर बसतो, तेव्हा गाळप थांबवून दाहक सोड्याचे द्रावण त्यात उकळतात आणि मग ब्रशने नळ्या साफ करतात.

आगीचा मार्ग बेकरीच्या भट्टीत टिकून राहिला. लाकडावर तापणाऱ्या विटांच्या भट्टीत सांडलेले पीठ व तूप तेथेच जळून राख होते, ती ओल्या फडक्याने पुसली की जागा पुन्हा भाजण्यायोग्य होते. दिवाळीच्या तोंडावर घरोघरची नानकटाई ज्यांवर भाजून येते ते लोखंडी पत्रेही सहसा धुतले जात नाहीत, पुसून ठेवले जातात, कारण त्यांवरचा तेलाचा पातळ पक्का थर गंज रोखतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ मध्ये बाजारात आणलेला स्वतः स्वच्छ होणारा ओव्हन याच तत्त्वावर चालतो : दार कुलूपबंद करून आतले तापमान सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत नेले की जळक्या थराची राख उरते.

गॅस आला आणि स्वयंपाकघरातून चुलीबरोबर राखही गेली. जी वस्तू रोज सकाळी फुकट मिळत होती तिची जागा विकतच्या पावडरीने आणि वडीने घेतली. साध्या घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये मात्र भट्टीइतकी उष्णता नसते, त्यामुळे थर जळत नाही, नुसता पक्का होतो, आणि तेथे क्षारच कामी येतो. खाण्याच्या सोड्याचा ओला लेप रात्रभर ठेवून सकाळी पुसावा, उरलेल्या पांढऱ्या सोड्यावर व्हिनेगर फिरवावे, तापणाऱ्या दांड्यांना मात्र काहीही लावू नये. ॲल्युमिनियमच्या ट्रेवर व केकच्या भांड्यांवर धुण्याचा सोडा किंवा दाहक सोडा कधीही वापरू नये, कारण तीव्र क्षारात ॲल्युमिनियम विरघळते आणि हायड्रोजन वायू बाहेर पडतो.