काशीतली मराठी माणसे आणि दुर्गम भागातील रिक्त पदे

वाराणसीचा शिंदे घाट मणिकर्णिकेला लागूनच आहे. दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी तो 1830 च्या सुमारास बांधविला. दगडी बांधकामाचा भार नदीकाठच्या जमिनीला पेलवला नाही आणि घाट खचला. तेथील कललेले रत्नेश्वर मंदिर यात्रेकरू कुतूहलाने पाहतात. प्रशासनात काम केल्यामुळे मला मात्र वेगळाच प्रश्न पडतो. दगड आणता येतो. पण शेकडो कोस दूरची मराठी माणसे येथे आली कशी आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी?

आली ती काशीच्या पुण्याईने व विद्येच्या ओढीने. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस जाऊन स्थायिक झाले. त्यांच्याच वंशातील गागाभट्ट 1674 मध्ये शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आले.

परंतु श्रद्धा माणसाला आणते; टिकवते ती व्यवस्था. पेशवाईत पुण्यात श्रावणमासाची दक्षिणा वाटली जाई. दूरदूरचे विद्वान येत, दक्षिणा घेत आणि परत जात. काशीत मात्र मराठी सरदार-संस्थानिकांनी घाटांबरोबर वाडे आणि अन्नछत्रेही उभारली. डोक्यावर छप्पर, दोन वेळचे अन्न आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या परिसरात आपल्या भाषेचा शेजार मिळाला. या तीन गोष्टींनी परका मुलूख घरासारखा झाला.

या व्यवस्थेत एक उणीव होती. ती आश्रयदात्याच्या आयुष्याशी बांधलेली असे. मोरोपंत तांबे काशीत चिमाजी आप्पांच्या पदरी होते. पुढे झाशीची राणी झालेल्या लक्ष्मीबाईंचा जन्म तेथलाच. चिमाजी आप्पांच्या निधनानंतर हे कुटुंब बिठूरला गेले. याउलट बापूदेव शास्त्री 1842 मध्ये काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. 1791 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे वेतन कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. त्यांची पुढील सारी हयात काशीतच गेली. पुढच्या पिढ्यांनाही तेथेच भवितव्य दिसले. 1883 मध्ये काशीतल्या मराठी घरात जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हिंदी दैनिक ‘आज’चे नामवंत संपादक झाले.

हा आश्रय मुख्यतः एका वर्णापुरता होता, हे विसरता येणार नाही. घाटाचा दगड घडविणाऱ्या पाथरवटाला वाडा मिळाला नाही आणि त्याचे नावही मागे उरले नाही. आजच्या शासनाला शास्त्र्यांइतकीच पाथरवटाचीही काळजी वाहिली पाहिजे.

महाराष्ट्र शासनाने 2002 मध्ये आदिवासी व नक्षलग्रस्त भागांतील कर्मचाऱ्यांना प्रोत्साहनपर भत्ता व एकस्तर वेतनश्रेणी देण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. तरीही रिक्त पदांचे तक्ते पाहताना मला वाटत आले आहे, की केवळ वाढीव वेतन ही पुण्याची दक्षिणा आहे. तिच्यासाठी माणूस येतो आणि बदलीची वाट पाहतो. परिचारिकेला राहण्याजोगे निवासस्थान, तिच्या मुलांना शाळा, पतीला जवळपास काम आणि ठरलेल्या मुदतीनंतर खात्रीची बदली हवी. नेमणुकीचा आदेश एका दिवसात निघतो. या चार गोष्टींना वर्षे लागतात आणि त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात दरवर्षी तरतूद करावी लागते.

परमुलखात संसार थाटलेल्या वाचकांना हे सांगायला नको. आपण तेथे का गेलो, याचे उत्तर बहुधा पगारात सापडेल. का राहिलो, याचे उत्तर मात्र शाळा, शेजार आणि घर यांतच सापडेल.